लग्नं मोडणारी दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या उजव्या भिंगावर ओरखडा आहे, डाव्यात बुरशीचा ठिपका आहे, आणि मधलं चाक फिरवलं की म्हातारीच्या गुडघ्यासारखा आवाज येतो. तरीसुद्धा, मित्रांनो, काल तुम्ही फकिराआजोबांना न विचारता मला गच्चीवर नेलंत, समोरच्या इमारतीवर रोखलंत, आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरात डोकावून खी खी हसलात. मी काही बोलले नाही. दुर्बीण बघते आणि लाजते, बोलत नाही. पण आज वाटलं, सांगून टाकावं. म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही डोकावाल तेव्हा निदान आपण दोघं मिळून लाजू.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला, असं माझ्या पितळेवरची अक्षरं वाचून लोक सांगतात. मला स्वतःला काही आठवत नाही. जन्म तुम्हालाही आठवत नसेल, म्हणून मी ते मनावर घेत नाही. पुढे मी छावणीतल्या एका साहेबाच्या गळ्यात लटकले. तो रोज डोंगराकडे बघायचा. डोंगराला झाकण्यासारखं काही नसतं, त्यामुळे माझा तो काळ अब्रूनं गेला. साहेब गेला, सामान विकलं गेलं, आणि मी शहागंजच्या जुन्या बाजारात एका फुटक्या कंदिलाशेजारी येऊन बसले. तिथून मला पुंडलिक खरातनं उचललं आणि माझी अब्रू संपली.

हे शहर तेव्हा औरंगाबाद होतं. उस्मानपुऱ्यात एका घराच्या गच्चीवर खोली होती, आणि जिन्याच्या तोंडाशी पाटी होती: ‘खरात खासगी गुप्तहेर. लग्नाच्या चौकशा गुप्तपणे केल्या जातील.’ त्यातला ‘गुप्त’ हा शब्द एवढा मोठा रंगवला होता की रस्त्यावरून जाणारा सायकलवाला पेडल न थांबवता वाचू शके. खाली वर जायचा बाणही होता.

पुंडलिक उंच, किडकिडीत, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. त्याच्या वडलांनी धम्मदीक्षा घेतली, पोराला शिकवलं, आणि पोरगा आधी कोर्टात नकला उतरवायला लागला. लोकांची भांडणं उतरवता उतरवता त्याच्या लक्षात आलं, की निम्मी भांडणं लग्नाआधी कुणी नीट चौकशी केली असती तर झालीच नसती. म्हणून त्यानं हा धंदा काढला. मुलाची नोकरी खरी का, केस खरे का, मुलगी बघायच्या दिवशी घरात जो फ्रिज दिसला तो त्याच घरचा का, असल्या चौकशा. एकदा पाहुणे गेल्यावर तोच फ्रिज हातगाडीवरून परत जाताना आम्ही दोघांनी पाहिला. ते लग्न मोडलं. फ्रिजचं पुढे दुसऱ्या घरी जमलं.

माझं काम म्हणजे लहान गोष्ट मोठी करून दाखवणं. त्या बाबतीत मी गल्लीतल्या शेजाऱ्यांच्या खालोखाल होते. पण शेजारी हे काम आनंदानं करतात. मी लाजत करत असे. लोक गच्चीवर पापड वाळत घालतात, कानातला मळ काढतात, बायकोची वेणी घालून देतात. ते सगळं त्यांचं असतं. मला डोळ्याला लावलं की ते आमचं व्हायचं.

खोलीत आणखी एक माणूस राहायचा, फकिरा. म्हणजे आत्ताचे तुमचे फकिराआजोबा. ते तेव्हा आजोबा नव्हते. लाल कोट घालून बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. एक लग्नं मोडायचा, दुसरा लग्नं वाजवायचा. “तुझ्यामुळं माझं पोट खपाटीला चाललंय,” असं फकिरा म्हणायचा. “एखादं तरी नीट लागू दे की रे!”

मित्रांनो, पुंडलिकचं फकिरावर प्रेम होतं आणि फकिराचं पुंडलिकवर. आता त्याला समलिंगी असा शब्द आहे, पेपरात येतो. तेव्हा आमच्या गल्लीत त्यासाठी शब्द नव्हता, फक्त घसा खाकरणं होतं. घरमालकीण म्हणायची, “दोघं बिचारे ब्रह्मचारी.” असं म्हणताना ती ‘बिचारे’वर जोर द्यायची आणि मग घसा खाकरायची. अख्ख्या शहराची गुपितं शोधणाऱ्या माणसाचं गुपित रोज सकाळी गच्चीवर उघड्यावर बसून चहा पीत असे. फकिरा चहा बशीत ओतायचा, फुंकर मारायचा, आणि बशी आधी पुंडलिककडे करायचा. खोलीत दुसरी बशी होती. ती पाहुण्यांसाठी होती, आणि पाहुणे क्वचित यायचे.

एक दिवस पिशोरहून नानासाहेब आले. मोठी शेती, मोठा फेटा, आणि बरोबर त्यांच्या आई आवडाबाई. जिना चढून दोघांना दम लागला. फकिरानं चहा टाकतो म्हटलं.

“नगं, आत्ताच झाला,” नानासाहेब म्हणाले.

त्या काळी मोठ्या घरचे लोक आमच्याकडे यायच्या आधी कायम चहा पिऊन आलेले असत. हा योगायोग मला फार वर्षं समजला नाही.

“हे बघा खरात,” नानासाहेब म्हणाले, “आमी कळंब देवकाचे. माझी पोरगी रूपा. इथंच तिच्या मावशीकडं ऱ्हाऊन शिकती. तिला एक स्थळ आलंय. पोरगा कृष्णा, अजिंठ्याकडचा, इथं शाळेत विज्ञान शिकिवतो. दिसायला चांगला. घर चांगलं. पत्रिका जुळली.”

“मग अडचण काय?”

नानासाहेबांनी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. “हुंडा नको म्हणतो.”

“नको?”

“मानपान नको. सूट नको. आंगठी सुदिक नको! आता तुमीच सांगा, असं पोरगं चांगलं आसंल का?”

“माह्या मालकानं बैलजोडी मागितली व्हती, अन् वर घड्याळ,” आवडाबाई म्हणाल्या. “लई सज्जन माणूस.”

“पोरात काय तरी खोट हाय,” नानासाहेब म्हणाले. “ती हुडका. येत्या अमावस्येच्या आत पिशोरला या अन् तोंडावर सांगा. खोट नसंल तर सुपारी फोडून टाकतो.”

कृष्णाची खोली आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे होती. तिथेही गच्ची होती. गच्च्या नसत्या तर हेरगिरी आणि प्रेम दोन्ही धंदे या शहरात बसले असते.

सकाळची वेळ होती. पुंडलिकनं मला डोळ्याला लावलं, चाक फिरवलं, आणि मला ते दोघे दिसले. कृष्णा, आणि त्याच्या खोलीत राहणारा, टपालखात्यात नोकरी करणारा माऊली. मधे स्टोव्ह. दोन कप होते, दोन बशा होत्या. कृष्णानं एकाच बशीत चहा ओतला, फुंकर मारली, आणि बशी माऊलीपुढे धरली. माऊलीनं दोन घोट घेऊन तीच बशी परत केली. दुसरी बशी कोरडीच राहिली.

माझ्यातलं चित्र हलायला लागलं. मला वाटलं माझं चाक सैल झालं. पण तो पुंडलिकचा हात होता.

फकिरा लाल कोटाची बटणं लावत बाहेर आला. “काय दिसलं रे?”

“आपण दिसलो,” पुंडलिक म्हणाला.

फकिरानं मला घेतलं, बघितलं, आणि हळूच खाली ठेवलं. असं मला याआधी कुणी ठेवलं नव्हतं. झोपलेल्या लेकराला ठेवतात तसं.

“मंग झाकून टाक,” तो म्हणाला. “पोरगं चांगलं हाय म्हणून सांग अन् मोकळा हो.”

“आणि ती पोरगी? ती जन्मभर काय करणार?”

फकिराला माहीत होतं पुंडलिक कुणाविषयी बोलतोय. पुंडलिकचंही एकदा लग्न ठरलं होतं. आईनं ठरवलेलं. मुलीला हळद लागली त्या दिवशी दुपारी पुंडलिक घरातून निघाला तो थेट इथे आला. कारण सांगायची त्याची छाती झाली नाही. मग कारण लोकांनी शोधलं आणि ते त्या मुलीतच शोधलं. लोक कारण शोधतात तेव्हा फार लांब जात नाहीत, जवळच्या बाईपाशी थांबतात. पुढे तिचं काय झालं? मित्रांनो, अख्ख्या जिल्ह्याच्या चौकशा करणाऱ्या या माणसाला ती एक चौकशी करण्याची हिंमत कधीच झाली नाही. ती हळद त्याला उभ्या आयुष्यात धुता आली नाही. कुणाच्या हळदीला जायची वेळ आली की तो खिडकीकडे तोंड करून उभा राहायचा.

“खरं सांगितलं तर नानासाहेब त्या दोघांना जोड्यानं मारतील,” तो म्हणाला. “शाळेतून काढतील, गावातून काढतील. आणि खोटं सांगितलं तर पोरगी मरेल. मी काय बघायला गेलो होतो रे फकिरा, आणि हे काय दिसलं!”

तो त्याच दिवशी कृष्णाकडे गेला. मी गळ्यात होतेच. कृष्णानं दार उघडलं, माणूस बघितला, मग मला बघितलं, आणि त्याचा चेहरा फळ्यावरून डस्टर फिरवावं तसा कोरा झाला.

“मी तुमची चौकशी करायला नेमलेला माणूस आहे,” पुंडलिक म्हणाला. “गच्चीवर चहा घेत जाऊ नका.”

कृष्णानं आधी दार लावून घेतलं. माऊली स्वयंपाकाच्या कोपऱ्यात उभा होता.

“सांगणार का, काका?” कृष्णानं विचारलं.

“आधी तू सांग. नकार का नाही दिलास?”

“नकाराला कारण लागतं,” कृष्णा म्हणाला. “घरचे पाठ सोडत नाहीत. म्हणून मीच सगळं नको नको म्हणालो. वाटलं, असला खुळा पोरगा त्यांनाच नको होईल. ते लोक उलट चौकशीवर उतरले.”

“तू मोटारसायकल मागायला हवी होतीस,” पुंडलिक म्हणाला. “कुणी संशय घेतला नसता.”

माऊलीनं पाहुण्यासाठी दुसरी बशी काढली, पुसली, चहा ओतला. पुंडलिकनं तो मान खाली घालून प्याला.

आणि मग रूपा आली. एकटी, भर दुपारी, छत्री घेऊन. फकिरानं चहा विचारला तर म्हणाली, “द्या की, उन्हातून आलेय.” आमच्याकडचा कप तिनं उचलला आणि प्यायली. तिचा चहा आधी झालेला नव्हता.

“खरात काका, चौकशी नानांनी लावली, पण नांदायला मी जाणार,” ती म्हणाली. “काय निघालं ते मला सांगा.”

पुंडलिकनं खूप वेळ शर्टाची बाही सरळ केली. “मुलगा चांगला आहे, ताई. मी तपासलेल्या सगळ्यांत चांगला.”

“मंग तुमचं तोंड असं का झालंय?”

त्याला सांगता येईना. तिच्यापुढे तो शब्द कुठून आणणार? घसा खाकरणं तेवढं आलं. शेवटी तिनंच टेबलावरून मला उचललं. “कुठली गच्ची?”

पुंडलिकनं मला आधी तिच्या हातातून परत घ्यायचा प्रयत्न केला. मग थांबला. म्हणाला, “कुणाकडं असं बघू नये, ताई. हा धंदाच लाजेचा आहे. पण तुझा हक्क आहे, एकदाच बघ.” आणि बोट दाखवलं.

रविवार होता, दोघं घरात होते. सांगूनही त्यांनी गच्ची सोडली नव्हती. माणसाला आपल्या घरात किती दिवस लपून चहा पिता येतो? कृष्णा गच्चीवरच्या सावलीत वह्या तपासत होता. माऊली त्याच्या डोक्याला तेल लावत होता, चंपी करतात तसं दणादण नव्हे, हळू, जणू टाळूवर काही लिहितोय. मग चहा झाला. मग बशी.

रूपानं मला किती वेळ धरलं कुणास ठाऊक. तिच्या पापण्या माझ्या काचेला लागत होत्या.

“एकच बशी हाय का त्यांच्याकडं?”

“दोन आहेत,” पुंडलिक म्हणाला.

रूपानं मला खाली ठेवलं. तिची नजर आमच्या मोरीजवळच्या भांड्यांवर गेली. एक बशी ओली. दुसरी तिनं स्वतः आत्ता वापरलेली. मग तिनं फकिराकडे बघितलं, पुंडलिककडे बघितलं. पुंडलिकचे कान लाल झाले. इतरांना उघडं पाडणारा तो माणूस स्वतःच्या खोलीत, एका पोरीपुढे, उघडा पडून उभा होता.

ती एवढंच म्हणाली, “मला न कळताच मांडवात उभं केलं असतं, नाय का?”

“हो.”

“अन् ह्यांना?” तिनं गच्चीकडे मान केली. “ह्यांनाबी.” ती उठली, छत्री घेतली. “मी नाय म्हणाले तर नाना कारण मागतील. काका, असं कायतरी काढा की लग्नबी मोडंल अन् कुणाच्या नावाला डागबी लागणार नाय. लग्नं मोडायची तुम्हाला सवय हाय.”

अमावस्येआधी आम्ही एस.टी.नं पिशोरला गेलो. नानासाहेबांच्या ओट्यावर बैठक बसली. पुंडलिकला चहा आला, कोपऱ्यात पालथ्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात. तो कप त्याच्यासाठीच ठेवलेला होता, आणि पिऊन झाल्यावर धुऊन पुन्हा पालथा घालायचा मान त्याचाच होता. रूपा दोन दिवसांपूर्वीच घरी आली होती. ती आतल्या दाराशी उभी.

“बोला, काय खोट निघाली?” नानासाहेब म्हणाले.

पुंडलिकनं वाटेत ठरवलं होतं की एखादा छोटा दुर्गुण चिकटवू. डाग पडेल, पण धुतल्यावर जाणारा.

“दारू घेतो.”

“पोळ्याला कोण घेत नाय?”

“रोज घेतो.”

“रोजची पचती म्हंजे तब्येत दणकट.”

“पत्ते खेळतो.”

“हारतो का जिकतो?”

याचा विचार पुंडलिकनं केला नव्हता. “जिंकतो,” तो म्हणाला.

“आरं वा!”

एका चांगल्या पोरावर पुंडलिक मूठमूठ चिखल फेकत होता, आणि तो चिकटत नव्हता. “एका बाईकडं जाणं-येणं आहे,” तो कसंबसं बोलला आणि ओट्याच्या फरशीकडे बघायला लागला.

नानासाहेबांचा चेहरा उजळला. ते पुढे झुकले. “म्हंजे मर्द गडी हाय! मी तर भलत्याच शंकेत व्हतो. लग्न झालं की सुटंल ते सगळं. सुपारी फोडा रे!”

आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मित्रांनो, हिशेब बघा. एका माणसानं तीन पापं रचून सांगितली आणि तिन्ही वेळा मुलाला शाबासकी मिळाली. चौथं खरं होतं. त्यात पाप नव्हतं, आणि नेमकं त्यालाच माफी नव्हती.

तेवढ्यात आवडाबाईंनी पानाचा देठ खुडत विचारलं, “आन् देवक कोन्तं त्याचं? त्याचं कुणी बोलंना.”

देवक म्हणजे घराचं एक झाड, कुणाचं कळंब, कुणाचं आणखी काही. लग्नाआधी ते मांडवात पूजतात. ज्या दोन घरांचं देवक एक, ती भाऊबंद. त्यांच्यात सोयरीक होत नाही. पत्रिका जुळवून घेता येते, वय कमी सांगता येतं, फ्रिज आणता येतो. देवकापुढे मात्र सगळे हात टेकतात. आणि विशेष म्हणजे देवक एक निघालं तर त्यात दोष कुणाचाच नसतो.

पुंडलिकनं डोकं वर केलं. या घराचं देवक कळंब, हे त्यानं पहिल्याच दिवशी ऐकलं होतं.

“तेच सांगायला आलोय, आजी,” तो म्हणाला. “बाकीचं सगळं मी उगीच. ते खोटं आहे, पोरगा सोन्यासारखा आहे. पण खोल गेलो तेव्हा एक निघालं. मुलाचे आजोबा दत्तक आले होते.”

“कुठून?”

“कन्नडकडून.”

“आन् त्या मूळ घराचं देवक?”

“कळंब.”

आवडाबाईंच्या हातातलं पान खाली पडलं. “आगं माय माय! म्हंजे पोरगं तर भाऊ निघालं!”

नानासाहेब फेटा काढून बसले. मग उठले आणि पुंडलिकच्या पाठीवर थाप मारली, जी त्यांनी आजवर मारली नव्हती. “खरात, वाघ हायेत तुमी! मोठं पाप टाळलं. आता त्यांच्याकडं ह्याचा बभ्रा नगं, पत्रिकेत फिसकटलं म्हणून कळवतो.” पत्रिकेत फिसकटलं म्हणायची आपल्याकडे पद्धतच आहे. खरं कारण असो की खोटं, दोन्ही त्याच फडक्यात बांधतात.

पुंडलिकचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण ते हेच. त्यानंतर लोक दुरून दुरून येऊन ‘देवक शोधणारे खरात’ विचारत. त्या प्रत्येक वेळी त्याचे कान लाल व्हायचे, कारण ज्या कामासाठी त्याची वाहवा झाली ते काम म्हणजे धादांत खोटं. आणि खरं बोलायची सोय असती तर खोट्याची गरजच नव्हती, ही लाज आणखी वेगळी. ती त्याची होती की आपल्या सगळ्यांची, हे मी अजून ठरवते आहे.

त्या दिवाळीत आवडाबाईंनी कृष्णाला गुपचूप निरोप धाडला: देवकाचा भाऊ हाय, भाऊबीजेला यायला पायजे. कृष्णा भीत भीत गेला. बरोबर माऊली. रूपानं कृष्णाला ओवाळलं. आवडाबाईंनी माऊलीलाही पाटावर बसवलं.

“ह्याचं देवक कोन्तं?”

“माहीत नाही, आजी,” माऊली म्हणाला.

“असू दे. ज्याच्या संगं आला त्याचंच.”

आवडाबाईंना काय कळलं होतं आणि काय नाही, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्या भाऊबीजेला पुंडलिकला कुणी बोलावलं नाही. नानासाहेबांचा चहा तर शेवटपर्यंत आत्ताच झालेला राहिला. रूपाचं पुढे एका साध्या माणसाशी लग्न झालं. त्यानं मोटारसायकल मागितली, कुणाला संशय आला नाही. आणि दर वर्षी कृष्णा आणि माऊली दोघं तिच्याकडे ओवाळून घेत राहिले.

पुंडलिकनं नंतर मला कुठल्याच गच्चीवर रोखलं नाही. पाटी उतरवली, कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहायला लागला. मी पेटीत गेले. बुरशी तेव्हाचीच. संक्रांतीला फकिरा मला काढून पतंग बघायचा, तेवढंच माझं बाहेर पडणं. तक्रार नाही. आकाशाकडे बघताना मला छावणीतला डोंगर आठवायचा.

गेल्या हिवाळ्यात पुंडलिक गेला. तुम्ही खाली उभे होतात, मी खिडकीतून ऐकलं. तुमच्यातला एक म्हणाला, “वरचे एक आजोबा वारले.” बरोबर. दुसरे कसे आहेत ते कुणी विचारलं नाही.

पुंडलिकची बहीण गोजरबाई आली, तिचा मुलगा संघपाल आला. सगळं रीतीनं झालं, वंदना झाली. चटईवर संघपाल बसला. लोक दुखवट्याची टॉवेल-टोपी घेऊन येत आणि त्याला देत, कारण तो सख्खा भाचा. तसबिरीसमोर पुंडलिकचा चष्मा ठेवला होता आणि चष्म्याशेजारी मी. फकिरा बाहेर जिन्याच्या पायरीवर बसला होता. कुणीतरी विचारलं, “हे कोण?” संघपाल म्हणाला, “शेजारी.” मग त्या माणसानं फकिरालाच विचारलं, “तुम्ही कोण?”

फकिरानं खाली बघितलं. उभी हयात एका खोलीत काढलेला माणूस. म्हणाला, “शेजारी.”

मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यातली लाज एकीकडे आणि तो एक शब्द एकीकडे. तो लाजून बोलला. लाजायचं खरं तर जिन्यावर उभ्या असलेल्या बाकीच्यांनी होतं. ते घसा खाकरत होते.

तेवढ्यात जिन्यावरून तिघं वर आली. रूपा, आता केस पांढरे झालेली. मागं कृष्णा, काठी टेकत. त्याचा दुसरा हात माऊलीच्या खांद्यावर. रूपाच्या हातात टॉवेल-टोपी.

संघपाल चटईवर सरसावून बसला. “या. मी भाचा.”

“नमस्कार,” रूपा म्हणाली आणि मागं वळली. पायरीवर बसलेल्या फकिरासमोर ती वाकली. “फकिराकाका, आत चला. दुखवटा पायरीवर घेत नसतात.”

“आगं, मी...” फकिरा म्हणाला, “तिथं भाचा...”

“भाच्याला दुसरे देतील. माझा दुखवटा ज्याचं माणूस गेलं त्याला.”

कृष्णा आणि माऊलीनं त्याला दोन्ही बाजूंनी उठवलं. संघपालचं तोंड उघडं. सगळ्यांनी गोजरबाईकडे बघितलं. ती भिंतीला टेकून बसली होती. तिनं फकिराकडे बघितलं आणि मुलाला म्हटलं, “संघपाल, सरक. त्यांना बसू दे.”

रूपानं फकिराच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली. तो मघापर्यंत कोरडा होता. टोपी डोक्यावर आली तसा मांडव कोसळावा तसा कोसळला.

मग कुणीतरी चहा आणला. त्याच्या पुढ्यात कपबशी ठेवली. फकिरानं डोळे पुसले, सवयीनं चहा बशीत ओतला, फुंकर मारली, आणि बशी सवयीनंच उजवीकडे धरली. उजवीकडे कुणी नव्हतं. त्याला ते कळलं, पण हात परत घ्यायचं सुचेना. बशी तशीच हवेत राहिली.

गोजरबाई उठून त्याच्या उजव्या बाजूला येऊन बसली. तिनं ती बशी घेतली आणि दोन घोट प्यायली. मग त्याच्याकडे परत दिली.

एवढंच माझं आयुष्य, मित्रांनो. आता मी फकिराआजोबांच्या फळीवर असते. मला हवं तेव्हा न्या, त्यांना विचारून न्या. भिंग मऊ धोतराच्या फडक्यानं पुसा, शर्टाच्या टोकानं नको, ओरखडे पडतात. मला पतंगाकडे धरा, डोंगराकडे धरा. कुणाच्या गच्चीकडे धरू नका. आणि चुकून कधी दिसलंच, की कुणी कुणापुढे बशी धरली आहे, तर मला खाली ठेवा, हळूच. फकिरानं त्या सकाळी ठेवलं होतं तसं.

आणि जिना चढून वर याल तेव्हा आजोबा चहा विचारतील. आत्ताच झाला, असं म्हणू नका.